अर्धी चावी सत्यभामाबाईची, अर्धी गौसियाची

मी, गीताबाई जीवन हिवराळे, वय वर्षे चोपन्न, शिक्षण चौथी पास, धंदा मिरची कांडप व मसाला, राहणार वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. तेवढी हिंमत असलेला माणूस आमच्या घरात नाही, याची खात्री माझ्या मालकांना विचारून करावी. माझं डोकं ठिकाणावर आहे असा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. घरच्यांचं मत वेगळं आहे, ते जोडलेलं नाही.

लिहिण्याचं कारण असं की माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले आहेत. अकोल्याचे डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे, दुर्बिणीतून होतं, दोन दिवसांत घरी. मी म्हटलं, साधं आहे तर जिवाचं काही झालं तर आम्ही जबाबदार नाही अशा कागदावर सही कशाला घेता. ते हसले. हसणाऱ्या डॉक्टरची मला भीती वाटते. बाबासाहेबांची जयंती झाल्याशिवाय पोटाला हात लावू देणार नाही असं मी बजावलं, म्हणून जयंतीनंतरच्या शुक्रवारची तारीख मिळाली आहे.

मरायचं मला फारसं काही वाटत नाही. घोर एकाच गोष्टीचा आहे. आमच्या बायांच्या बचत गटाचं कांडप ज्या अ‍ॅपवर चालतं त्याची चावी, म्हणजे पासवर्ड, माझ्या एकटीच्या डोक्यात आहे. मी त्या टेबलावरून उठले नाही तर शनिवारपासून पुण्याची, सुरतेची ऑर्डर कोणाला दिसणार नाही, पाकिटावरची चिठ्ठी निघणार नाही, आणि ऐन मिरचीच्या हंगामात गटातल्या बाया हात बांधून बसतील. ती चावी मागं कशी राहील तेवढ्यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमं वकीलबाई म्हणाल्या म्हणून घातली आहेत.

वकीलबाई म्हणजे मंजुश्री, आमच्याच वस्तीतली पोरगी, संग्रामपूरला बसते. ती म्हणाली, "काकू, 'मले' लिहू नका, 'मला' लिहा. कोर्ट वाचते." जमेल तिथपर्यंत लिहीन. राग आला की माझ्याकडून ते होणार नाही.

कलम पहिलं. घर.

वस्तीतलं दोन खोल्यांचं घर माझ्या आणि मालकांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा मालकांना द्यावा, त्यांच्या मागं सगळं घर मनालीचं. माझे मालक जीवन हे एस.टी.त कंडक्टर होते. नोकरी संपली, आवाज संपला नाही. त्यांना हिस्सा देताना एक अट आहे, ती वकीलबाईंच्या मते कायद्यात बसत नाही, तरी लिहिते. त्यांनी ओटीपी मोठ्यानं वाचू नये.

झालं असं की त्यांना पानटपरीवर फोन आला. बँकेतून बोलतो, तुमचं खातं बंद पडते, आकडा सांगा. यांनी मोबाईल हातभर लांब धरला आणि पुढचा स्टॉप सांगावा तसा एकेक आकडा सांगितला. टपरीवरच्या कुत्र्यानंही मान वर केली असेल. मी नेमकी तिकडून येत होते.

"कोनाले सांगून राह्यले?"

"बँकेच्या साहेबाले. थो इचारून राह्यला होता."

"आन् टपरीवरच्या लोकायले?"

"त्यायले कोन म्हनलं आयकाले?"

नशीब एवढंच की चष्मा घरी होता, आणि यांनी वाचला तो आदल्या दिवशीचा गॅसचा मेसेज. तो चोर शिव्या देऊन गेला. हे तेव्हापासून सांगत फिरतात की मी चोराला फसवलं. असं फसवणं पुन्हा करू नये. कोणताही साहेब फोनवर आकडा मागत नाही, आणि जो मागतो तो साहेब नाही, एवढं त्यांच्या मोबाईलच्या पाठीवर मनालीने लिहून चिकटवावं.

कलम दुसरं. अंगावरचं.

सोन्याचे मणी, पायातल्या पट्ट्या, पोस्टात जे असेल ते, सगळं मनालीचं. मनाली माझी एकुलती एक लेक, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिथं काय करतेस विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्यायनं केलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढते." मी म्हटलं, हे तर मी जन्मभर फुकट केलं.

तिने मला पासवर्डबद्दल जे सांगितलं ते मी त्याच वेळी ऐकलं असतं तर हा कागद एका पानात संपला असता. पण आई लेकीचं ऐकते कुठं. मी तिला म्हटलं, तुझ्या पुण्यात चोर असतील, आमच्या वरवटमध्ये सगळे ओळखीचे आहेत. मला तेव्हा हे सुचलं नाही की ओळखीचे आहेत हीच तर भानगड आहे.

कलम तिसरं. मोबाईल.

माझा मोबाईल महनूरला द्यावा. महनूर म्हणजे माझ्यासोबत कांडपावर काम करणाऱ्या गौसियाची पोरगी. देण्याआधी स्टँडवरच्या कादरभाईंकडून तो आतून पूर्ण पुसून घ्यावा. कादरभाई मोबाईल दुरुस्त करतात. माणूस चांगला आहे, पण त्यांच्या दुकानात अर्ध्या गावाचे मोबाईल पडलेले असतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव आणि त्याचा पासवर्ड. मी एकदा म्हटलं, "भाऊ, हे असं उघडं?" तर म्हणाले, "भाबी, लोकं सोताच लेहून आनतात. माहा काय दोस." माझ्याही मोबाईलच्या पाठीवर पट्टी होती. अक्षर माझंच होतं.

कलम चौथं. कांडप आणि त्याचं अ‍ॅप.

कांडप यंत्र गटाचं आहे, माझं नाही. गाव त्याला गीताबाईचं कांडप म्हणतं आणि मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही, एवढाच माझा त्यात हिस्सा. तो कोणाला देता येत नाही.

अ‍ॅप माझ्या बहिणीचा मुलगा संघपाल याने केलं. गावातले जे पुण्याला, सुरतेला गेले ते त्यावरून काळा मसाला आणि तिखट मागवतात. अ‍ॅप सुरू करताना त्याने विचारलं, "मावशी, पासवर्ड काय ठेवू?" मी विचार न करता बाबासाहेबांची जन्मतारीख सांगितली. मला वाटलं, याहून मोठा आकडा कोणता. अडचण अशी की आमच्या वस्तीत प्रत्येकाला तसंच वाटतं. मालकांचा एटीएमचा तोच, माझ्या थोरल्या जाऊबाईच्या मोबाईलचा तोच, संघपालच्या मोटारसायकलच्या पाटीवर तोच, विहारातल्या वायफायचाही तोच. वस्तीत कोणाचा मोबाईल सापडला तर तो उघडून, घरी फोन लावून, ज्याचा त्याला परत करता येतो. सोय होती, नाही म्हणत नाही.

गौसियाला हे ठाऊक होतं. एकदा माझे हात मिरचीत होते, फोन वाजून बंद झाला. तिने न विचारता आकडे टाकून उघडला आणि म्हणाली, "तुमच्या मोहल्ल्यात येवढाच नंबर चालते न भाबी." मला राग आला. मग तिचा मोबाईल मी सातशे शहाऐंशी दोनदा दाबून उघडून दाखवला. तेव्हापासून ती हा विषय काढत नाही.

मनाली म्हणाली, "आई, त्या तारखेपुढं हात जोड, पन कुलपाले लावू नको. जे चौकात बॅनरवर छापेल आहे ते गुपित कसं राहीन?"

मी म्हटलं, बरं बरं. म्हणजे ऐकलं नाही.

कलम पाचवं. दीर निवृत्ती.

दीर निवृत्ती यांना माझ्याकडून काही देऊ नये. कारण खालीलप्रमाणे.

फेब्रुवारीत पुण्याहून एका गिऱ्हाईक बाईचा फोन आला. "काकू, काळा मसाला पाहिजे होता, पण तुमच्या अ‍ॅपवर गॉगल घातलेला माणूस दिसतोय. हा मसाल्यासोबत येतो का?"

पाहते तर काय, कांडपाच्या फोटोच्या जागी निवृत्ती. पांढरा शर्ट, काळा गॉगल, खाली लिहिलेलं, भावी सरपंच यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक म्हणून आमचा अख्खा गट. मी तशीच त्यांच्या दारात गेले.

"भाऊजी, हे काय लावलं?"

"वयनी, रागावू नका. चौकात बॅनरले परवानगी लागते. तुमच्या अ‍ॅपवर गावची समदी मानसं येतात, पुन्याची बी येतात."

"तुम्हाले पासवर्ड कोन देला?"

"त्यात द्याचं काय? पह्यल्याच झटक्यात उघडलं."

त्यांचा तो फोटो मी जपून ठेवला आहे. तो मात्र त्यांना परत करावा. या कलमातला निवृत्तींचा भाग इथे संपला, माझा सुरू होतो.

त्याच रागात मी पासवर्ड बदलला. कोणाला सांगितला नाही. लेकीने शिकवलं होतं की एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घे, लांबच लांब, तुला आठवतील असे. मी म्हटलं मला काय शिकवते. मी माहेरच्या म्हशीचं नाव घेतलं, पुढं निवृत्तीच्या नावानं एक शिवी, पुढं रागात हाताला येतील ते आकडे. तीन दिवसांनी अ‍ॅप उघडायला बसले तर म्हैस आठवली, शिवी आठवेना. मला येतात तेवढ्या सगळ्या एकेक करून टाकल्या. थोरल्या जाऊबाई शेजारी पाकिटं चिकटवत होत्या, त्या थोड्या वेळाने उठून बाहेर गेल्या. अ‍ॅपनं मात्र किती वेळा चुकले तरी हटकलं नाही. सगळं ऐकून घेत राहिलं. मनाली म्हणते हाही संघपालचाच दोष आहे, पाच-सहा चुकांनंतर त्याने दार लावून घ्यायला पाहिजे होतं. मला तेव्हा ते त्या यंत्राचं मोठं मन वाटलं.

शेवटी 'पासवर्ड विसरलात' वर बोट ठेवलं. अ‍ॅपनं विचारलं, तुमच्या आईचं माहेर कोणतं. हे गुपित म्हणे. माझ्या आईचं माहेर पातुर्डा, हे वरवटमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण तिथल्या मामांचं आणि आमचं बांधावरून भांडण आहे. मी पातुर्डा टाकलं. अ‍ॅप म्हणालं, तुमचा पासवर्ड तुम्हाला पाठवला आहे.

पाठवला तो व्हॉट्सअ‍ॅपवर. माझ्या नाही, गटाच्या. संघपालनं तोच नंबर जोडून ठेवला होता. म्हैस, शिवी आणि आकडे, जसेच्या तसे, सगळ्या बायांच्या मोबाईलवर एका वेळी वाजले. गटात निवृत्तीची बायकोही आहे. तिने त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही, विचारायची सोय राहिली नाही.

कलम सहावं. संघपालसाठी.

संघपालला माझी शिलाई मशीन द्यावी. त्याला ती येत नाही, पण शिकेपर्यंत त्याच्या हातून दुसरं काही बिघडणार नाही.

हे कलम मी रागात लिहिलं होतं. आता निवले आहे, तरी खोडत नाही. त्या दिवशी मी पासवर्ड पुन्हा बदलला, त्याला बोलावलं आणि मनालीला फोनवर घेतलं.

"काऊन रे, माहा पासवर्ड तुले कुठी सापडला?"

"मावशी, सेव्ह होता न. थोच पाठोला."

"कुठी सेव्ह होता?"

"माह्याकडं. समद्यायचेच हायत. गिऱ्हाईकायचे बी."

फोनमधून मनाली म्हणाली, "दादा, लोकं एकच पासवर्ड धा ठिकानी ठेवतात. तुह्याकडून गेला तं त्यायच्या बँकेपर्यंत जाईन." तो मान खाली घालून बसला. तेव्हा तिने त्याला कांडपाचं उदाहरण दिलं, बहुतेक मला कळावं म्हणून. म्हणाली, पासवर्ड आला की मिरचीसारखा कांडून टाकायचा आणि भुकटीच ठेवायची, मिरची ठेवायचीच नाही. पुढच्या वेळी माणूस मिरची घेऊन आला की पुन्हा तशीच कांडायची आणि भुकटी जुळते का पाहायची. जुळली तर माणूस तोच. चोरानं भुकटी नेली तरी तिची मिरची होत नाही. आणि प्रत्येकाच्या मिरचीत वेगळी चिमूट टाकायची, म्हणजे दोघांनी एकच मिरची आणली तरी भुकटी सारखी निघत नाही.

मी म्हटलं, "मंग भुकटी तरी काऊन ठेवाची? इकून टाका न."

"आई, तू फोन दादाजोळ दे."

तर संघपालने पुढीलप्रमाणे वागावं. कोणाचा पासवर्ड स्वतःला दिसेल असा ठेवू नये, आणि दिसत असेल तर ते मिरवू नये. विसरणाऱ्याला जुना पासवर्ड पाठवू नये; थोड्या वेळात विझणारी लिंक पाठवावी, नवा ज्याचा त्याने ठेवावा. आईचं माहेर, बापाचं नाव, पहिली शाळा असलं गावाला पाठ असलेलं विचारू नये. पासवर्ड आठ अक्षरांचाच पाहिजे असं अडवून धरू नये. मला मराठीत लांबलचक लिहायचा असेल तर लिहू द्यावा. बदला बदला म्हणून दर महिन्याला डोकं खाऊ नये, कारण मग माणूस शेवटी एक आकडा वाढवतो आणि मोकळा होतो. चोरी झाली तर लपवू नये, त्याच दिवशी सगळ्यांना सांगावं. वस्तीतल्या सगळ्यांची ती एकच तारीख, त्याच्या गाडीवरची, कोणी टाकली तर अ‍ॅपनं नाही म्हणावं. नम्रपणे.

त्याने हे सगळं करत आणलं आहे. जेवायला येतो तेव्हा माझ्याशी नजर मिळवत नाही, भाकर मात्र एक जास्त मागतो.

कलम सातवं. चावी.

आता मुद्द्याचं. हे कलम मी आधी एका ओळीत लिहिलं होतं, नवा पासवर्ड असा असा आहे. मंजुश्रीनं तो कागद वाचला आणि माझ्यासमोर फाडला.

"काकू, मृत्युपत्रात पासवर्ड लिहितात काय? तुमच्या मागं हा कागद दहा हातांतून जाणार. ऑफिसात जाणार. निवृत्तीकाका तं पहिले वाचतीन."

"मंग मेल्यावर सांगू काय?"

"जित्तेपनी द्या. पन कोनाले देता थे पाहा."

मनालीने रस्ता काढून दिला. गटातल्या प्रत्येक बाईचं अ‍ॅपवर आपापलं नाव आणि आपापला पासवर्ड. एकीचा दुसरीला सांगायचा नाही. जी गट सोडेल तिचं नाव त्याच दिवशी काढायचं. रोजचं काम त्यावर चालेल. मोठी चावी फक्त भाव बदलायला आणि नावं घालायला-काढायला. आणि ती दोघींत वाटायची, दोन शब्द एकीचे, दोन दुसरीचे. दोघी एकत्र बसल्याशिवाय उघडायची नाही.

माझ्याशिवाय कांडप ओढू शकतील अशा गटात दोघीच आहेत. एक थोरल्या जाऊबाई सत्यभामाबाई, आणि दुसरी गौसिया. आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

कारण ऐकण्यासारखं नाही, तरी लिहिते. महनूरच्या लग्नात वांग्याच्या भाजीला आमच्याच गटाचा मसाला होता, गौसियानं स्वतः भाजलेला. सत्यभामाबाई पंगतीत बसून म्हणाल्या, मसाला कच्चा आहे. हळू म्हणाल्या असं त्या म्हणतात. मांडवाच्या दारापर्यंत ऐकू गेलं असं गौसिया म्हणते. त्या दिवसापासून एकाच यंत्राच्या दोन बाजूंना बसून त्यांचा सगळा कारभार माझ्यामार्फत चालतो. तिले सांग, चाळणी दे म्हनाव. त्यायले सांगा, चाळणी त्यायच्या मांडीखाली हाये.

मला हे संपवता आलं असतं. संपवलं नाही, कारण दोघी बोलत नव्हत्या तोवर प्रत्येक गोष्टीला माझी गरज पडत होती. हे लिहायला वकीलबाईंनी सांगितलेलं नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी दोघींना घरी बोलावलं. फोन मध्ये ठेवला.

सत्यभामाबाई म्हणाल्या, "गीता, तिले सांग, तिकडं तोंड कर."

गौसिया म्हणाली, "भाबी, त्यायले सांगा, मले काय करायचं त्यायच्या शब्दायचं."

मी म्हटलं, "मी कोनाले काही सांगत नाही. मी मरून राह्यली."

मग सत्यभामाबाईंनी चष्मा लावला, फोन पदराआड घेतला आणि एका बोटानं दोन शब्द टाकले. त्यांना वेळ लागला. मग गौसियानं फोन ओढणीखाली घेतला. तिला कमी लागला, तेवढ्यावरही सत्यभामाबाईंनी नाक उडवलं. या सगळ्या वेळात मी भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचत उभी होते. एकदा वळावंसं वाटलं. मालक दारातून म्हणाले, "वळू नको." एवढा हळू आवाज त्यांना येतो हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं.

म्हणून लिहून देते की मोठी चावी आता माझ्याकडे नाही. अर्धी सत्यभामाबाईंची, अर्धी गौसियाची. दोघींपैकी एक नसली तर काय, तर प्रत्येकीनं आपले दोन शब्द आपापल्या पाकिटात बंद करून मंजुश्रीच्या कपाटात वेगवेगळे ठेवले आहेत. ती पाकिटं माझ्यासाठी नाहीत. मी मंजुश्रीकडे मागून पाहिली, तिने दिली नाहीत.

कलम आठवं. हे मागून घातलं आहे.

वरचं लिहून झाल्यावर मनालीचा फोन आला. "आई, चावी देली, पन लागते का पाह्यलं? तू जित्ती हाय तोवर पाहून घे."

म्हणून जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कांडपावर जाऊन सांगितलं की आज मी मेले असं समजा. मिरचीचा भाव चढला होता, अ‍ॅपवर तिखटाचा भाव बदलणं भाग होतं, तो मोठ्या चावीशिवाय बदलत नाही. सत्यभामाबाई म्हणाल्या, "बरं." एवढंच. दुःखाचा एक शब्द नाही.

मी स्टँडवर कादरभाईंच्या दुकानात जाऊन बसले. फोन हातात. आला तरी उचलायचा नाही असं ठरवून बसले होते. शेगावची गाडी गेली, जळगाव जामोदची आली.

कादरभाई म्हणाले, "भाबी, काय पाहून राह्यल्या? बिघडला काय?"

"रेंज हाय का?"

"फुल हाये."

"एक रिंग मारा बरं."

त्यांनी मारली. वाजला. म्हणजे बिघडलेला नव्हता.

ऊन डोक्यावर आलं तसं माझ्याच्याने राहवेना. मागच्या बाजूनं कांडपाच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. यंत्र बंद होतं, म्हणून सगळं ऐकू आलं.

"तुमचे दोन टाका."

"टाकले. आता तू टाक. मी पाहत नाही."

"पाहा न, काय फरक पडते."

"गीतानं आयकलं तं जीव घेईन."

"भाबी सध्या मेल्या हायत."

मग हसणं. दोघींचं. सत्यभामाबाई हसतात कशा ते मी विसरले होते. मग भाव किती ठेवायचा यावर बोलणं झालं, आणि मी ठेवला असता त्याहून त्यांनी बरा ठेवला. मग गौसिया म्हणाली, थोडा कच्चाच होता तेव्हा तो मसाला, लग्नाची घाई होती. सत्यभामाबाई म्हणाल्या, वांगे मातर चांगले होते. मग कपांचा आवाज आला.

मी आत गेले. सत्यभामाबाईंनी वर पाहिलं. "काऊन वो? तू तं मेलती."

"पानी प्याले आली."

"माठात हाय, घे."

आणि पुन्हा यंत्र सुरू केलं. चहा कोणी विचारला नाही. मेलेल्या माणसाला कोण विचारतं.

मले वाईट वाटलं. वकीलबाई, हे 'मले' राहू द्या. मी माठाजवळ उभी राहून दोन पेले पाणी प्याले आणि घरी येऊन हे कलम लिहायला घेतलं. एवढंच नोंदवते की चावी लागते. गट माझ्याशिवाय चालतो. शुक्रवारी अकोल्याला जाताना तो घोर सोबत नसेल.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मी मेले नाही आणि टाके घेऊन परत आले, तर बरं वाटल्याबरोबर मी चावी मागेन. मी मला ओळखते. आधी गोडीनं मागेन, मग आजाराचं निमित्त करेन, मग आदळआपट करेन, सत्यभामाबाईंना गौसियाचं काहीबाही सांगेन आणि गौसियाला सत्यभामाबाईंचं. दोघींनी मला चहा द्यावा. चावी देऊ नये. बाकीची कलमं मी मेल्यावर लागू होतील. हे एक मी जिवंत असेपर्यंत लागू राहील, आणि ते मला बदलता येणार नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिलं. सगळं खरं आहे, थोडं जास्तच. ज्यांना यात काही मिळतं त्यांच्या सह्या साक्षीला घेतलेल्या नाहीत. खालच्या दोघांना काहीच मिळत नाही, याबद्दल त्यांची तक्रार नाही. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण: वरवट बकाल
दिनांक: १६ एप्रिल २०२५

लिहून देणार
(सही) गीताबाई जीवन हिवराळे

साक्षीदार
१. (सही) शेख कादर शेख रहीम, मोबाईल दुरुस्ती, बसस्टँड, वरवट बकाल
२. (सही) समता भीमराव तायडे, अंगणवाडी सेविका, वरवट बकाल